वाकुल्या कोणाला दाखवता?

स्पीकर बंद करा. आवाज कमी नको, बंद. आणि आहात तिथेच उभे राहा. कोणी तोंड पुसायचं नाही. ज्या तोंडानं नाचलात त्याच तोंडानं ऐकायचं.

गॅदरिंगच्या यादीत तुम्ही लिहून दिलंत, ‘आफ्रिकन फ्यूजन, अकरावी, चार मिनिटं’. आज रंगीत तालमीत त्या चार मिनिटांत मी काय पाहिलं ते ऐका. सगळ्यांनी तोंडाला काजळी फासलेली. कमरेला पोत्याचे घागरे, त्यावर अशोकाची पानं टाचलेली, गळ्यात थर्माकोलची हाडं. जीभ बाहेर, बुबुळं गरागरा, छातीवर गुद्दे, मध्येच काखा खाजवणं. समोर बसलेली पाचवी-सहावीची पोरं खदाखदा हसली आणि तुम्हाला वाटलं, जमलं. मग गाणं बदललं, दिवे निळे झाले आणि तीच सगळी तोंडं क्षणात दात काढून गोड गोड हसायला लागली. का? तर डान्सचे सर विंगेतून ओरडले, “स्माइल, स्माइल!” त्याआधी ओरडत होते, “ॲटिट्यूड दे, ॲटिट्यूड!”

पावलांबद्दल मी आज बोलणार नाही. पावलं बरी आहेत, दोघातिघांची तर चांगली आहेत. माझा राग चेहऱ्यांवर आहे. पाऊल चुकलं तर सराव कमी पडला, एवढंच कळतं. चेहरा चुकला की ज्याचा नाच नाचतोय त्याच्याविषयी नाचणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळतं. आणि तुमच्या मनात काय आहे ते आज भर मंडपात दिसलं. तुमच्या लेखी आफ्रिकेतला माणूस म्हणजे अर्धं माकड. मागून कोणीतरी पुटपुटलं, “मॅडम, मस्करी होती.” मीही तेच म्हणतेय. मस्करी होती. कोणाची होती, ते विचारतेय.

हे कुठून उचललंत तेही मला ठाऊक आहे. १९७८ साली ‘शालिमार’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यात पानं गुंडाळून आरोळ्या ठोकणारा आदिवासींचा एक घोळका दाखवला होता. तुमच्या आजोबांनी तो थिएटरात पाहिला, वडिलांनी गणपतीत त्याची नक्कल केली, तुमच्यापर्यंत ते रील होऊन पोचलं. तीन पिढ्या झाल्या, एका स्टुडिओतल्या सोंगाला आपण ‘झिंगालाला डान्स’ म्हणतो, कधी त्याला आदिवासी नाव देतो, कधी आफ्रिकन. आफ्रिकेत ५४ देश आहेत. त्यातल्या एका देशाचं, एका गावाचं, एका नाचाचं नाव सांगा. नाही सांगता येत ना? मग कशाची नक्कल केलीत? नक्कल करायलाही मूळ बघावं लागतं.

आता ऐका, तुम्ही कुठे उभे राहून हे केलंत ते. जुन्नर तालुक्यात. खिडकीतून बाहेर मान काढली तर शिवनेरी दिसतो. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच जुन्नरातून निजामशाहीचा कारभार काही काळ चालला, आणि तो चालवणारा माणूस होता मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला. त्याला इथे विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा पेशवा, तोही हबशीच, म्हणजे आफ्रिकेतूनच आलेला. मालक मेल्यावर हा पोरगा शिपाई झाला, सरदार झाला, १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हातात पडल्यावर दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून त्यानं बुडती निजामशाही पुढची पंचवीसेक वर्षं तारून नेली. मोगलांना डोंगरातल्या गनिमी युद्धानं त्यानं जेरीस आणलं. त्यानं बसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. जमीन मोजून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महसुलाच्या इतिहासात त्याच्याच नावानं ओळखली जाते. त्याच्या पदरी मराठे सरदार होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, आणि परमानंदांनी ‘शिवभारता’त मलिक अंबरचं वर्णन केलंय ते आदरानं. ज्या गडावर शिवराय जन्मले त्या गडाच्या पायथ्याला आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी राज्यकारभार केलाय, फौजा हलवल्या आहेत. आणि त्याच पायथ्याला तुम्ही तोंडाला काजळी लावून काखा खाजवता!

“पण मॅडम, जंजिऱ्याचा सिद्दी तर शत्रू होता.” हो, होता. त्याच्याशी महाराज आयुष्यभर लढले आणि जंजिरा शेवटपर्यंत हाती आला नाही. म्हणून महाराजांनी सिद्दीला विदूषक समजून सोडून दिलं का? आरमार उभारलं, जलदुर्ग बांधले. शत्रूला मोजून मापून घ्यायचं असतं, हे त्यांना कळत होतं. आणि सिद्दी काय एकाच बाजूला होते? १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर हबशी, आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर धावून गेलेला सिद्दी हिलाल हाही हबशी. त्या झुंजीत हिलालचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. दहावीच्या वक्तृत्व स्पर्धेत पन्हाळ्याचा वेढा तुम्हीच घसा ताणून सांगितला होतात. हिलाल त्यात नव्हता, कारण तुम्ही वाचलाच नाही.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर दोन चित्रं सांगते. फोनवर नंतर शोधा, एरवी दिवसभर बघताच फोन. जहांगीर बादशहाला मलिक अंबर कधी हाती लागला नाही. मग त्यानं काय केलं? १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा, हातात धनुष्य, आणि समोर भाल्यावर खोचलेलं मलिक अंबरचं मुंडकं. बादशहा त्याला बाण मारतोय. आज ते चित्र डब्लिनला आहे. प्रत्यक्षात अंबर १६२६ साली म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला, आणि जहांगिराच्याच दरबारी इतिहासकाराला त्याच्या युद्धकौशल्याची तारीफ लिहावी लागली. दुसरं चित्र हाशिमनं काढलेलं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढरा अंगरखा, तलवार, बाजूनं दिसणारा काळा, भारदस्त, शांत चेहरा. बघणाऱ्याला खूश करण्यासाठी त्यावर काही म्हणजे काही नाही. या दोनपैकी तुमचा नाच कोणत्या चित्रासारखा होता ते मी सांगायला नको.

आता काजळीबद्दल. डान्स सर, तुम्हीही ऐका, कारण ही कल्पना तुमची आहे असं मुलं म्हणतात. जळकं बूच तोंडाला चोळून काळ्या माणसाची टिंगल करणं हा अमेरिकेत एके काळी भरभराटीचा धंदा होता. १८३० च्या आसपास थॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटानं ‘जिम क्रो’ नावाचं सोंग आणलं: लंगडत नाचणारा, बावळट हसणारा काळा माणूस. तिकिटं इतकी खपली की तसल्या कंपन्यांचं पेव फुटलं. पुढे काळ्या लोकांना वेगळ्या डब्यात, वेगळ्या शाळेत ठेवणारे जे कायदे झाले त्यांना नावही त्याच सोंगाचं पडलं, ‘जिम क्रो कायदे’. आधी रंगमंचावर वाकुल्या, मग कायदा. हा क्रम लक्षात ठेवा.

आणि ते लोण आपल्याकडेही आलं होतं. डेव्ह कार्सन नावाचा नट १८६० च्या दशकात मुंबई-कलकत्त्याला तोंड काळं करून खेळ करायचा. इथे आल्यावर त्याच्या लक्षात आलं की निग्रोच्या सोंगापेक्षा बंगाली बाबूचं सोंग साहेब लोकांना जास्त हसवतं. मग त्यानं तेच चालवलं. म्हणजे काजळीचा डबा एकच. काल आफ्रिकेच्या माणसासाठी उघडला, आज तुमच्यासाठी. आपण त्या डब्यातून आपल्याच हातानं बोट भरून घेतो, हे मला सहन होत नाही.

आता कोणीतरी म्हणेल, मग काय हसूच नये? चेहरा वेडावाकडा करूच नये? नारायणगाव इथून किती लांब आहे? चैत्राच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे कारभारी सुपारी द्यायला येतात, हे तुम्ही लहानपणापासून बघताय. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं ते गाव. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेली कलावंतीण, आणि शासन आज तमाशासाठी पुरस्कार देतं तोही त्यांच्याच नावानं. एवढ्या जवळ एवढी मोठी शाळा असताना तुम्ही चेहऱ्याचं शिक्षण रीलवर घेता! तमाशातला सोंगाड्या काय कमी तोंडं करतो? डोळे तिरळे करतो, जीभ चावतो, धोतर सुटल्यासारखं करतो. पण नीट बघा, तो वाकुल्या कोणाला दाखवतो. राजाला दाखवतो. पाटलाला, सावकाराला, फौजदाराला. गवळणीत मावशी तर प्रत्यक्ष देवाची फिरकी घेते. फडातली बहुतेक माणसं जातीनं, पैशानं गावाच्या तळाशी राहिलेली, आणि समोर पहिल्या बाकावर गावचे कारभारी बसलेले. त्यांच्या तोंडावर त्यांची हजामत करायची, आणि त्यांनीच पैसे फेकायचे! असा चेहरा करायला छाती लागते.

आफ्रिकेतून ओढून नेलेल्या माणसांचंही हेच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलाम लोक एक नाच करत, केकवॉक. मालकांच्या बंगल्यात मेजवान्या होत, तिथे गोरे स्त्री-पुरुष जोडीनं छाती काढून, मान ताठ करून ऐटीत चालत. गुलामांनी तीच चाल उचलली, थोडी फुगवली, आणि चेहरा ठेवला अगदी गंभीर. मालक बघायला यायचे, टाळ्या वाजवायचे, उत्तम जोडीला बक्षीस म्हणून केक द्यायचे. आपलीच टिंगल चालली आहे हे त्यांच्या गावीही नसायचं. सगळी गंमत त्या गंभीर चेहऱ्यात होती. एकानं जरी फस्सकन हसू सोडलं असतं तर पाठीवर चाबूक बसला असता. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतले मजूरही पायातले रबरी बूट बडवत जो नाच करत त्यात साहेबांच्या हुकुमांची नक्कल असायची. सोंगाड्या असो, केकवॉकवाला असो, खाणमजूर असो, या सगळ्यांची वाकुली खालून वर जाते. तुमची वरून खाली आली. फी भरून डान्स क्लासला जाणारी, नवा मोबाइल वापरणारी पोरं तुम्ही. तुमच्या चेहऱ्यानं आज एकाही बलवानाला बोट लावलं नाही.

त्या मुलीनं हात वर केला होता मघाशी. तिचं म्हणणं, जोसेफिन बेकरही डोळे तिरळे करायची, तिनं व्हिडिओ पाहिलाय. चांगलं, निदान एकीनं काहीतरी पाहिलंय. १९२५ साली पॅरिसला गेलेली ती एकोणीस वर्षांची अमेरिकन काळी मुलगी. ‘रानटी बाई’ बघायला आलेल्या गोऱ्या प्रेक्षकांसमोर ती नाचायची, आणि ते अगदी मोहून गेले की नेमके त्याच वेळी डोळे तिरळे करून त्यांच्या स्वप्नाचा विचका करायची. म्हणजे पुन्हा खालून वर. ती तिच्या स्वतःच्या चेहऱ्याशी खेळत होती. पुढे हीच बाई महायुद्धात फ्रान्सच्या गुप्त कामात होती, १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात बोलली, आणि २०२१ साली फ्रान्सनं तिला पँथिऑनमध्ये मान दिला. तिचे तिरळे डोळे तेवढे घेतलेत, बाकीची बाई कुठे गेली?

आता खरा विषय. चेहरा ठेवायचा कसा?

डान्स सर, तुमचं ‘ॲटिट्यूड’ म्हणजे भुवई उडवणं, ओठ मुडपणं आणि परीक्षकांकडे असं बघणं की जणू त्यांनी तुमचे पैसे बुडवलेत. रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन म्हणून अमेरिकेत एक कला-इतिहासकार होऊन गेले. ते पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत गावोगाव फिरले, लोकांना नाच दाखवून विचारत राहिले की यात चांगलं काय, वाईट काय. १९७३ आणि १९७४ साली त्यांनी जे छापलं त्यातली मुख्य गोष्ट अशी: अंग तापलेलं असावं, चेहरा थंड. खांदे, कंबर, गुडघे वेगवेगळ्या ठेक्यांवर धावत असतात, आणि वर चेहरा मात्र असा की याला घाई नाही, धाप नाही, कोणाची भीती नाही. नायजेरियातले योरुबा लोक तर या थंडपणाला माणसाच्या चारित्र्याचा गुण मानतात. तो थंडपणा समुद्रापलीकडे गेला, गुलामीत टिकला, मालकासमोर उभं राहायला कामी आला. आज तुम्ही ज्याला ‘कूल’ म्हणता आणि गॉगल लावून मिरवता त्याच्या मुळाशी हे आहे.

सगळीकडे असाच चेहरा असतो असंही समजू नका. सेनेगलच्या साबर नाचात बाया नजरेनं ढोलवाल्याला चिडवतात, त्याला आव्हान देतात. लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्त्यांतून या शतकाच्या सुरुवातीला क्रम्प नावाचा नाच आला. त्यात चेहरे भयंकर रागीट दिसतात, दात-ओठ खातात. तुम्ही तो चेहरा उचलला, कारण तो फोटोत बरा दिसतो. पण त्यांचा राग वर्तुळात उभ्या असलेल्या आपल्याच मित्रासमोर मोकळा होतो, मारामारीऐवजी. २००५ च्या ‘राइझ’ माहितीपटात ते नाचणारे स्वतः सांगतात की हे भांडण नव्हे. त्यांच्या रागाला त्यांच्या गल्लीचा आधार आहे. तुम्हाला राग कशाचा आलाय? कॅन्टीनमध्ये वडापाव संपल्याचा?

आणि एवढं लांब तरी का जायचं. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. बावा गोर हे आफ्रिकेतून आलेले अकीकाचे व्यापारी आणि संत, असं तिथले सिद्दी मानतात. त्यांची बहीण माई मिस्रा. त्यांच्यापुढे सिद्दी जो नाच करतात तो धमाल. मुगरमान नावाचा पायावर उभा असलेला मोठा ढोल, मलुंगा नावाचं एकतारी धनुष्य, नारळाच्या करवंटीचा खुळखुळा, शंख. डोक्याला आणि कमरेला मोरपिसं. नाचता नाचता नारळ वर उडवतात आणि तो खाली येताना डोक्यानं फोडतात. रंगवलेले चेहरे तिथेही असतात, विनोदही असतो, हे मला माहीत आहे. गीरच्या हॉटेलांत पर्यटकांसमोर नाचताना तो विनोद जरा जास्तच वाढतो, तेही खरं, पोटाचा प्रश्न असतो. पण ढोलाची लय चढत गेली की नाचणाऱ्याचे डोळे प्रेक्षकाला विसरतात. बघणारे हसत असतील तर हसोत, तो बावा गोरपुढे असतो. आपल्याकडे गोंधळात संबळ चढतो तेव्हा गोंधळ्याचा चेहरा आठवा. तो कोणाकडे बघून स्माइल देतो का?

सिद्दी हे काही पुस्तकातले लोक नव्हेत. बेळगावच्या पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलात त्यांच्या वस्त्या आहेत. पुष्कळांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून आलेले. ते कोकणी बोलतात, कन्नड बोलतात, डमाम वाजवून नाचतात. कर्नाटकात २०२० साली त्यांच्यातले शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले. गुजरातच्या जांबूर गावच्या हिराबाई लोबींना २०२३ साली पद्मश्री मिळाली. उद्या त्या भागातली एखादी मुलगी या शाळेत बदलून आली आणि तुमच्या बाकावर बसली, तर हा गॅदरिंगचा व्हिडिओ तिला दाखवाल?

बरं, ती यायची तेव्हा येईल. आज कोण बसलं होतं? तिसऱ्या रांगेत वसतिगृहाची मुलं होती. आंबेगावच्या पश्चिमेची, भीमाशंकरच्या अंगाची, काही घाटघरकडची. महादेव कोळी, ठाकर, कातकरी. तुम्ही पानं गुंडाळून आरोळ्या ठोकल्यात तेव्हा आख्खा मंडप हसला, ती रांग हसली नाही. तुम्हाला दिसलं नाही, कारण तुमचे डोळे स्वतःच्या व्हिडिओवर. बाहेर आल्यावर पोरांनी त्यांच्यातल्या एकाला “अरे, तुझा डान्स होता ना?” असं विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या पोराच्या आजोबांची जमीन धरणात गेली, त्या पाण्यावर तुमच्या शेतातला टोमॅटो आणि द्राक्ष पिकतं. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव हे आख्खं गाव आहे, तालुक्याला ज्याचं नाव आहे तेच. असल्या पोराला मंडपात बसवून त्याच्यासमोर तुम्ही भाले नाचवता. त्याची माफी तुम्ही माईकवरून मागायची नाही, तो आणखी एक तमाशा होईल. वसतिगृहावर जायचं, त्यांच्यासमोर बसायचं आणि मागायची.

आता उद्यापासूनचं ऐका. काजळी, पोती, हाडं, भाले हे सगळं आजच कचऱ्यात. कपडे साधे, अंगाला सुटसुटीत. मोबाइल माझ्या टेबलावर. आरशासमोर सराव बंद, कारण तुम्ही आरशात पाय बघत नाही, तोंड बघता. गोल करून उभे राहा आणि एकमेकांकडे बघा. जो मध्ये येतो त्याच्याकडे बाकीच्यांची नजर, ढोल वाजवणाऱ्याकडे त्याची नजर. ढोलाला उत्तर द्यायचं. मनातल्या मनात “पाच, सहा, सात, आठ” मोजणं बंद करा. मोजणाऱ्याचे ओठ हलतात आणि चेहरा तलाठ्याच्या दप्तरासारखा होतो. गुडघे वाका, वजन जमिनीत सोडा. निम्मी जणं ताठ गुडघ्यांवर नाचताय, म्हणून दम लागतो, दम लागला की दात आवळले जातात आणि तो झाकायला मग हसू चिकटवता. जबडा सैल, श्वास पोटातून. एवढं केलंत तर चेहऱ्यावर वेगळं काही आणावं लागणार नाही. जे अंगात चाललंय तेच वर दिसेल, आणि अंगात काही नसेल तर तेही दिसेल. हसू आलं तर हसा. माझा हसण्याला विरोध नाही, हुकमी हसण्याला आहे.

डान्स सर, तुम्ही चांगले नाचता, मी तुम्हाला मंडपात पाहिलंय. मुलांच्या चार मिनिटांसाठी तुम्ही चार दिवस वाचन केलंत तर फी वसूल झाली असं मी समजेन. विंगेतून ओरडणं मात्र बंद. तमाशाच्या बोर्डावर नाचणाऱ्या बाईला विंगेतून कोणी “स्माइल” म्हणून ओरडलं असतं तर तिनं ढोलकी थांबवली असती.

आणि पालकांनो, दाराशी उभे आहात तर तुम्हीही ऐकून घ्या. “पोरांनी एवढी मेहनत केलीय, जाऊ द्या मॅडम,” असा फोन मला रात्री करू नका. मेहनत केलीय म्हणून तर बोलतेय. आळशी पोरांवर मी एवढा वेळ घालवत नाही.

मलिक अंबरवर प्रत्येकानं दोन पानं लिहून आणायची, इंटरनेटवरून उतरवलेली मला ओळखू येतात. सिद्दींच्या धमालची चित्रफीत मी वर्गात दाखवीन, तेव्हा सगळ्यांनी हजर राहायचं. आठ दिवसांनी हाच नाच पुन्हा बघेन, उजेडात, विनारंगाचा, विनास्पीकरचा, नुसत्या ढोलावर. तोवर कार्यक्रमपत्रिकेतून ‘आफ्रिकन फ्यूजन’ मी काढून टाकलंय, आणि मुख्याध्यापकांची त्यावर सही झाली आहे.